घागरीतलं डिस्टिल्ड पाणी

सोमवार, १७ फेब्रुवारी १९८६. लातूर.

पोरीचं, म्हणजे मित्राचं, पत्र. नांदेडच्या कॉलेजात डिस्टिल्ड पाणी काढायच्या यंत्राला कुलूप लागलं. बाटलीभर वाफ थंड करायला नळ दिवसभर वाहता ठेवावा लागतो, ते सगळं मोरीत. प्राचार्य म्हणाले, "होस्टेलच्या मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या, आणि तुम्ही पाण्यानं पाणी धुता?" माणूस चुकीचं बोलला नाही, हीच अडचण.

पोरगी काचेच्या पट्टीवर तांबं आणि सेलेनियम यांचा थर बसवते. एम.फिल.चा विषय. थर बसतो, वाळला की सुटतो. तिचे सर ३० एप्रिलला निवृत्त. तोवर प्रबंधावर सही झाली नाही तर नवे सर, नवा विषय, गावही बहुधा औरंगाबाद. मित्राचं वय सव्वीस. दुसऱ्यांदा सुरुवात आमचे पाहुणेरावळे करू देणार नाहीत, आणि मी त्यांच्याशी किती भांडेन याची मलाच खात्री नाही.

सुमनला, मित्राच्या आईला, पत्र वाचून दाखवलं. "शेलेनियम म्हंजे काय वो?" म्हटलं, चंद्रावरून ठेवलेलं नाव आहे. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तांबं जमिनीतलं, चंद्र वरचा. मंग सुटंल न्हाई तर काय."

जिल्हा होऊन चौथं वर्ष. पाट्या आल्या, पाणी यायचंय. शाळा सांभाळून पेपरला बातम्या पाठवतो; हे वाक्यही पाठवलं होतं, संपादकांनी पहिला अर्धा भाग छापला.

बुधवार, १९ फेब्रु.

शाळा सुटल्यावर हमीदभाईकडे. बॅटरीचं दुकान. आम्ही निजामाच्या काळात एका बाकावर अलिफ-बे गिरवलेले. मी पुढं संस्कृताकडे गेलो, तो तेजाबाकडे.

"डिस्टिल्ड पानी? मास्तर, मोटार घेतली का काय?"

मित्रासाठी म्हटल्यावर उठला. बाजारात बाटल्या मिळतात त्यात अर्ध्या बोअरच्या पाण्याच्या, म्हणाला. स्वतःचं पाणी तो स्वतः काढतो: परसात स्टोव्ह, डबा, तांब्याची वेटोळी नळी बादलीतून फिरवलेली. बादलीतलं पाणी गरम झालं की मोरीत जात नाही, म्हशीच्या टाकीत जातं. प्राचार्यांना म्हैस पाळायला सुचवावं.

दोन काचेच्या बरण्या भरून देतो म्हणाला, रविवारपर्यंत. "पोरगी हमारी भी है."

डिस्टिल्ड पाणी, यापुढे डि.पा. लिहून हात दुखतो.

रविवार, २३ फेब्रु. नांदेड.

पहिल्या गाडीनं. दोन्ही बरण्या गोधडीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, लेकरू झोपलंय का?" म्हटलं, हो, जुळं आहे.

लोह्याच्या अलीकडं गाडी तापून बंद. झाडाखाली तासभर. एक म्हातारी, पलीकडं खेड्यातली, सोबत ताप आलेली नात. गोधडीतली बरणी तिला दिसली. "पाणी हाय का वो भाऊ, घोटभर?"

आता काय सांगायचं, की हे प्यायचं नाही? आमच्या घरात पाण्याला 'नाही' ऐकायची सवय तीन पिढ्यांची. म्हणायची मात्र कुणालाच जमली नाही. एक बरणी उघडली, तिच्या तांब्यात ओतली. नात प्याली. म्हातारीनं चव घेतली, तोंड वाकडं केलं.

"बेचव हाय की. उकळून ठिवलंय व्हय?"

हमीदभाईला सांगायचं नाही.

एका बरणीसह कॉलेजात. मित्रा फाटकाशी उभी. वाळलीय. कपाटातून आधी एक खडा दाखवला, तुरीच्या दाण्याएवढा. तिच्या सरांना कुणा पाहुण्यानं दिलेला. हेच तांबं-सेलेनियम, खाणीत आपसूक जमलेलं. ताजं फोडलं तर चांदीसारखं, हवा लागली की निळसर-काळपट पडतं. मऊ इतकं की नखानं जवळजवळ ओरखडा उठतो. मी उठवू पाहिला. तिनं हातातून काढून घेतला, मी वर्गात मुलांकडून खडू काढून घेतो तसा.

"याच्यातून वीज कशी जाते ते बघायचंय, अण्णा. उजेड किती जातो, ऊब किती अडते. पातळ थर मिळाला तर खिडकीच्या काचेला लावता येईल. सौर घटात लावता येईल. पण चिकटायला तर पाहिजे."

रीत अशी: मोरचुदाचं निळं पाणी. त्यात अमोनिया, निळं आणखी गर्द. दुसरीकडं सेलेनियमची काळी पूड एका क्षाराबरोबर दिवसभर शिजवून विरघळवलेली. दोन्ही एकत्र, त्यात काचेची पट्टी उभी बुडवायची, आणि बसायचं. हिचं बरंचसं विज्ञान म्हणजे बसणं. पट्टी आधी पिवळी, मग तांबूस, मग काजळी-निळी. मोराच्या मानेचा रंग. वाळली, आणि तिनं बोट लावल्याबरोबर कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून आली.

पोरगी हसली. तसं हसू तिच्या आईचं, चूल विझल्यावरचं.

परतताना गाडीत सुचलं ते असं. माझ्या बापाला ज्या आडावर चढू दिलं नाही, त्या आडाचं पाणी आता त्याच्या नातीला चालत नाही. अशुद्ध म्हणते.

शनिवार, ८ मार्च.

मि.चं कार्ड. तीन ओळी. "पाणी छान. थर निघतोच. जेवते वेळेवर." तिसरी ओळ खोटी.

शनिवार, १५ मार्च.

सुमन मुखेडला, भाचीच्या बाळंतपणाला. सकाळी टँकर आला नाही, ती रागातच गेली.

दुपारी हमीदभाईनं दुसरी खेप आणून दिली. त्याची जुनी बरणी माझ्या हातून ओट्यावर टेकताना तडकली. बुडातून झिरपायला लागली. घरात सगळी भांडी खरकटी, तशीच वाळलेली. एक घागर तेवढी झळझळीत, तांब्याची, सु.नं सकाळीच चिंचेनं घासून पालथी घातलेली. त्यात ओतलं.

मनाशी म्हटलं, ताम्रपात्रातलं पाणी उत्तम, हे वीस वर्षं वर्गात सांगत आलो. शिवाय पोरीचं कामच तांब्याचं. पाणी सगोत्रात राहील.

रविवार, १६ मार्च. नांदेड.

सकाळी घागरीतून दोन कोऱ्या कॅनमध्ये. गाडी बंद पडली नाही. कुणी पाणी मागितलं नाही.

"बरणी कुठंय अण्णा?"

"फुटली. कॅन आणले."

"नवे आहेत?"

"कोरे."

तिनं हुंगून पाहिले. ठीक म्हणाली. मी बोललो ते सगळं खरं. पुरतं नव्हतं.

का नाही सांगितलं? संस्कृतचा मास्तर म्हटल्यावर लोक आधी आडनाव विचारतात, मग पुन्हा एकदा विचारतात, खरंच संस्कृत का. आयुष्यभर भांड्या-पाण्याच्या शुद्धाशुद्धीवर हसत आलो, आणि स्वतःच तांब्याच्या घागरीला शरण गेलो. पोरीपुढं हे उघडं करायला जीभ रेटेना.

मंगळवार, २५ मार्च.

कार्ड. मोठ्या अक्षरात.

"अण्णा, चिकटली. रविवारच्या पाण्यातल्या चारी पट्ट्या. सेलोटेप लावून ओढली, टेप कोरी निघाली. सरांनी अंगठ्यानं घासून पाहिली. एक टोक तापवलं की काटा हलतो, जसा हलायला पाहिजे तसा. प्रमाणं तीच, तापमान तेच. काय बदललं कळत नाही. तुमच्या हाताचा गुण."

सुमन आजच मुखेडहून परतली. तिनं शेजारी साखर वाटली. विचारलं तर सांगते, "पोरीची काच चिकटली." शेजारीण म्हणाली, बरं झालं बाई, आमचा आरसा पण निखळलाय.

मी घागरीकडं पाठ करून जेवलो.

शुक्रवार, २८ मार्च.

पेपरसाठी बातमी लिहिली: "लातूरच्या कन्येचे काचेवर यश." दीड पान. चांगली उतरलीय. पाकीट चिकटवलं नाही.

रविवार, ३० मार्च.

मित्रा आली. एका दिवसासाठी. एक पट्टी कडेला मोडली होती, तो तुकडा आईला आणला, काड्याच्या पेटीएवढा. सु.नं स्वैपाकघराच्या झरोक्यात तो खिळ्याला टेकवून बसवला. उजेड जांभळट होऊन पिठाच्या डब्यावर पडला. तिनं मागं हात धरला.

"ऊन येतंय. पोळत न्हाई जास्त."

"तेच तर, आई. उजेड येऊ देतो, ऊब थोडी अडवतो."

"मंग सगळ्या खिडकीला का न्हाई केलास?"

"आधी एवढं तर नीट होऊ दे."

सु. दिवसभरात चार वेळा झरोक्याशी. लातूरच्या उन्हाळ्यात काड्याच्या पेटीएवढी सावली. जिल्ह्याला इतकी अजून कुणी दिली नाही.

जेवताना सु.नं हळूच विचारलं, पोरगी कच्चा लसूण खाऊन राहिली का. माझ्याही लक्षात आलं होतं. मि. म्हणाली, सेलेनियमचं काम करणाऱ्यांच्या श्वासाला तसा वास येतो. खिडकी उघडी ठेवते का, हातमोजे घालते का, सगळं विचारून घेतलं. "घालते, अण्णा. तुम्ही टँकरच्या मागं धावताना टोपी घालता का?" घालत नाही. दोघांनी कबूल केलं, उद्यापासून.

स्टँडवर सोडताना म्हणाली, "आता हेच पुन्हा आलं की झालं. एकदा आलेलं धरत नाहीत."

सांगायला तोंड उघडलं. गाडी लागली.

शनिवार, १२ एप्रिल.

पत्र, चार पानं. पुन्हा येत नाही. नव्या पाण्यात नऊ पट्ट्या, नऊच्या नऊ सुटल्या. तराजू पुन्हा पुन्हा पुसला, काचा तेजाबात धुतल्या, पूड नव्यानं शिजवली. सर म्हणतात, मार्चच्या चार पट्ट्यांवर लिहून टाक, दिवस कुठं उरलेत. "पण अण्णा, का चिकटल्या हे मला माहीत नसताना मी काय लिहू? माझ्याच हाताचा दोष असणार. मी कुठंतरी चुकतेय."

'माझ्याच हाताचा दोष.' हे वाक्य, मीच तिला गिरवायला शिकवलेल्या अक्षरात.

रविवार, १३ एप्रिल.

सुमनला सांगितलं. घागर, बरणी, सगळं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"त्या दिवशीची घागर? अवो, ती चिंचेनं नुसती चोळून ठिवली होती मी. टँकर न्हाई, इसळायला पाणी कुठलं? फडक्यानं पुसली आन् पालथी घातली. म्हटलं मुखेडहून आल्यावर इसळीन."

"म्हणजे आत चिंच होती?"

"तर. बोट फिरवलं असतं तर आंबट लागलं असतं."

तांदूळ बाजूला सारून ती म्हणाली, "पोरगी स्वतःला बोल लावून राहिली आन् तुम्ही हितं गप. वर्गात पोरं खोटं बोलली तर काय करता?"

म्हटलं, बाकावर उभं करतो.

"मंग उद्या जा आन् उभं ऱ्हावा."

सोमवार, १४ एप्रिल. नांदेड.

जयंती. सकाळी विहारात वंदना करून निघालो. दरवर्षी मित्रा मिरवणुकीत पुढं असते. यंदा प्रयोगशाळेत, एकटी. लांबून ढोल ऐकू येत होते. पांढऱ्या साडीवर मोरचुदाचे डाग.

सांगितलं. उभ्यानंच.

ती स्टुलावर बसली. "दहा दिवस मी तराजू पुसत बसले, अण्णा."

"हो."

"मी विचारलं होतं. कॅन नवे का, म्हणून."

"हो."

"तुम्ही लहानपणी मला शिकवलं, येत नसेल तर येत नाही म्हण. बाकी कशावर ओरडला नाहीत कधी."

ढोल चौकातून पुढं गेले. तिनं डोळे पदरानं पुसले, पदराला अमोनिया, म्हणून आणखी पाणी आलं. मी माझा रुमाल दिला.

तो नाकाशी धरूनच तिनं विचारलं, "चिंच जुनी का नवी?"

"काय?"

"चिंच, अण्णा. आणि मीठ होतं का सोबत? राख? घागरीला कल्हई आहे का आतून?"

मला एवढंच माहीत की घागर तांब्याची आणि बायको माझी. ती वहीत लिहीत होती. पंधरा-सोळा तास घागरीत. न विसळलेली. कल्हई: विचारणे. मीठ: विचारणे. मग मार्चच्या चार पट्ट्यांच्या पानावर एक सरळ रेघ मारली, पट्टी धरून. खाली लिहिलं: 'पाणी अज्ञात भांड्यातले. ग्राह्य नाही.' तिची एकच चांगली गोष्ट होती ती. रेघ मारताना हात हलला नाही. माझा हलला असता.

म्हटलं, सगळं गेलं का?

"तांबं फार घाईनं येतं काचेवर, म्हणून थर भुसभुशीत बसतो. चिंचेतलं आम्ल तांब्याला धरून ठेवत असेल. एकदम सोडत नसेल. हळूहळू सोडत असेल." थांबली. "असेल, म्हणतेय. घागरीतल्या तांब्यानंही झालं असेल. नुसता योगायोगही असेल."

मी म्हणालो, तुझी आई पाहुण्यांना तसंच सोडते, दारात अर्धा तास. त्यावर हसली. अर्धं.

ते आम्ल रसायनशास्त्राच्या कपाटात बाटलीत मिळतं. मोजून घालता येतं. तीन प्रकारची पाण्यं लागतील: नुसतं डि.पा., तांब्यात ठेवलेलं पण चिंच नसलेलं, आणि आम्ल मोजून घातलेलं. प्रत्येकात चार पट्ट्या. सोळा दिवस.

निघताना पाया पडली नाही. पडते एरवी. फाटकापर्यंत मात्र आली, आणि रुमाल परत दिला नाही.

रविवार, २० एप्रिल.

हमीदभाईला मंगळवारीच सगळं सांगितलं, म्हातारीसकट. "मास्तर, तुमने मेरा बॅटरी का पानी पिलाया? जिंदा है ना?" मग रोज दोनदा स्टोव्ह पेटवला त्यानं. म्हैस खूश.

सु.नं घागर चार पाण्यांनी विसळली. टँकरचं सगळं पाणी त्यात गेलं, आज भांडी राखेनं पुसून ठेवली. कल्हई नाही, मीठ होतं, चिंच गेल्या सालची: उत्तरं कार्डावर पाठवली.

प्रत्येक बरणीला चिठ्ठी लावली. कुणी काढलं, कधी, कशात ठेवलं, कुणी ओतलं, मधे कुणी उघडलं. माझ्या अक्षरात, खाली सही. वार्ताहर म्हणून इतकं सबळ लिखाण मी आजवर केलेलं नाही. बातमीचं पाकीट फाडलं नाही. ठेवलंय.

रविवार, २७ एप्रिल. नांदेड. प्रयोगशाळा, दुपार.

हे स्टुलावर बसून लिहितोय. शेजारी सुमन. कॉलेजात पहिल्यांदाच आली. आल्या आल्या सगळ्या बाटल्यांकडं बघून म्हणाली, "झाकणं बरी लावलीत." मित्राला हे सरांच्या शाबासकीपेक्षा मोलाचं वाटलं असावं.

झरोक्यातला तुकडा सु.नं खणाच्या चिंधीत बांधून आणलाय. ताडून बघायला लागेल म्हणून. "घर अंधारं झालं वो," गाडीत दोनदा म्हणाली. तुकडा काड्याच्या पेटीएवढा.

सर सकाळी येऊन गेले. थकलेले. म्हणाले, परवा संध्याकाळपर्यंत काय ते आणा, मी घरी आहे, पेन भरून ठेवतो.

पहिल्या दोन पाण्यांच्या पट्ट्या कालच झाल्या. नुसत्या डि.पा.तल्या चारी सुटल्या. घागरीतल्या दोन सुटल्या, दोन अर्ध्या राहिल्या. मी विचारलं, याचा अर्थ काय? "याचा अर्थ, अजून माहीत नाही." येत नसेल तर येत नाही म्हण. शिकवलेलं लागू पडतं तेव्हा फार बरं वाटत नाही.

तिसऱ्या आत्ता बाहेर काढल्या. चार. रंग गर्द, मोराच्या मानेचा. दोरीला चिमट्यानं लटकवल्यात, सुमननं पापड बघावेत तसं बघून घेतलं, कडेनं फुगल्यात का. "फुगल्या न्हाईत."

मित्रा टेपचं बंडल घेऊन बसलीय. माझा रुमाल तिच्या कमरेला खोचलेला, निळा झालाय. तोंडाला लसणाचा वास. खिडकी उघडी आहे, आल्यावर आधी तेच पाहिलं.

एक पट्टी वाळली. तिनं टेपचा तुकडा तोडून तीवर दाबला, नखानं घासला, टोक मोकळं सोडलं आणि माझ्यापुढं केलं.

"ओढा, अण्णा."

म्हटलं, मी नको. माझ्या हातानं एकदा झालंय.

"म्हणूनच."

सुमन म्हणते, लिहिणं ठिवा आधी खाली.